घोयरा डब्यात नको

‘घोयरा पाळलाय, खायला काय देऊ?’ जालन्यातली पोरं मला विचारतात. मी सांगतो, वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन कर.

घोयरा म्हणजे शॅमेलिऑन, आपल्या बोरी-बाभळींवरचा सरडा. वाटीतलं पाणी त्याला कळत नाही. तो पानावरचे थेंब पितो. किडेही जिवंत, हलते लागतात. हातात काळवंडतो ती रीलसाठीची जादू नव्हे, भीती असते. जुनी माणसं विषारी समजून त्याला दगडानं मारत. आपण लाडानं, डब्यात मारतो.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पाळणं गुन्हाच आहे. काळजी घ्यायचीय? बांधावरची झाडं राखा, मोसंबीवर ऊठसूट फवारणी करू नका. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. निदान ते कुंपण तरी त्याला राहू द्या.