जुनी कार मिसिंग करतेय? आधी प्लग बघा, मग पेट्रोल!

घरातली जुनी कार मिसिंग करायला लागली, पिकअप गेला, की हल्ली पहिलं बोट ‘ई-२०’कडे, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे जातं. राग समजण्यासारखा आहे. २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या यासाठी बनलेल्याच नाहीत.

इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, वर ऑक्सिजन जास्त. नव्या गाडीचा सेन्सर इंधनाचं प्रमाण वाढवून घेतो. कार्बोरेटरच्या गाडीला ते जमत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबरी पाइपही खराब करू शकतं.

तरी आधी प्लग, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर तपासा. ते ठीक असतील तर टाकीतलं पाणी आणि पाइप बघा. नुसत्या शिव्या देऊन गाडी सुधारत नाही.

आपल्या बीडचे मजूर जो ऊस तोडतात, त्यातूनही इथेनॉल बनतं. त्यामुळे इथेनॉलच नको, हे आपल्याला परवडणारं नाही. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर कमी मिश्रणाचं पेट्रोल निवडता आलं पाहिजे. मागणी एवढीच!