साथ आली तरी खेळाचा तास हवा



पुन्हा कधी कोरोनासारखी साथ आली, तर शाळेत पहिल्यांदा काय बंद होईल? खेळाचा तास! माझे मत असे आहे की तो बंद करू नये, तो बदलावा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मी तेव्हा खूप लहान होते, ताई तिसरीत होती. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करायला शासनाने १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी दिली. म्हणजे दीड वर्षाच्या वर पटांगण नाही! ताई बोलते, गणित फोनवर यायचे, कविता पण यायची, पण खो-खो काय फोनवर खेळता येतो? आणि ज्यांच्या घरी फोनच नाही, त्यांचे काय?

गुरुजींनी आम्हाला समजावून सांगितले, की हा रोग श्वासातून पसरतो. बंद खोलीत तो हवेत साठतो, मोकळ्यावर वारा त्याला उडवून नेतो. जर्मनीत बर्लिनजवळ १९०४ साली आजारी, अशक्त मुलांसाठी झाडाखाली शाळा काढली होती. मग पटांगण वर्गापेक्षा चांगलेच ना!

काही मोठी माणसे म्हणतात, पोरं ऐकत नाहीत, एकमेकांच्या अंगावर पडतात. हे खरे आहे. आपल्या रायगडात कबड्डी म्हणजे जीव की प्राण. पण कबड्डीत दुसऱ्याला धरावे लागते आणि तोंडाजवळ तोंड येते. म्हणून साथीत कबड्डी, खो-खो, लंगडी नको. बाकी पुष्कळ खेळ आहेत. सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, ठिकरी, आपापल्या रेघेत पळणे.

मला वाटते असे करावे :

१) फक्कीने जमिनीवर गोल आखावेत. एका गोलात एकच जण. दोन गोलांमध्ये वर्गातली मीटरपट्टी दोनदा बसली पाहिजे.

२) अर्धा वर्ग खेळेल, अर्धा वर्ग आत गणित करील. मग अदलाबदल.

३) दोरी, ठिकरी आणि पाण्याची बाटली ज्याची त्याची.

४) खेळायच्या आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

५) जोरात पळताना मास्क नको, श्वास कोंडतो. त्याऐवजी लांब राहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही असेच सांगितले होते.

६) ताप-खोकला असला तर घरी राहावे. त्याला कोणी रागावू नये.

पटांगण लहान पडेल म्हणाल, तर दिवाळीनंतर भात कापले की पेण-रोह्याकडची शेते मोकळीच असतात. मालकाला विचारून तिथे खेळता येईल. पावसाळ्यात चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यात चार-चार जणांनी व्यायाम करावा.

पालकांनो, खेळ म्हणजे टाइमपास नाही. आमच्या वयाच्या मुलांनी रोज १ तास तरी अंग हलवले पाहिजे. आणि काही मुले तर खेळासाठीच शाळेत येतात. खेळ बंद झाला की ती गुरांमागे जातात, नाहीतर आईबाबांबरोबर वीटभट्टीवर. एकदा गेलेली मुले सगळीच परत येतात असे नाही.

म्हणून साथीत खेळ बदला, पण खेळाचा तास ठेवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी