रस्ता हवाच, पण मुरूम कुठला?

रामनवमीला पोहरादेवीला लाखो माणूस येतो. रस्ते उखडतात, डागडुजीला मुरूम लागतो. रस्ता नको असं आपण कधीच म्हटलं नाही. आपली बाळंतीण बाई त्याच रस्त्यानं मानोऱ्याला जाते. पण मुरमासाठी बोट जातं ते ई-क्लासकडं, नाहीतर वनजमिनीवरच्या आपल्या वहितीकडं. पट्टा नाही म्हणजे जमीन मोकळी, असा साहेबांचा हिशोब!

वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वाचा. गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते: एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीनं. त्या यादीत शाळा आहे, दवाखाना आहे, रस्ताही आहे. मुरमाची खदान नाही. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वहितीदाराला हटवता येत नाही, हे कलम ४(५).

मुरूम पाहिजेच तर बुलडाण्यात महामार्गासाठी केलं तसं करा. तलाव-नाले खोल करा, निघेल तो मुरूम रस्त्यावर टाका. खड्ड्यात पाणी राहील, ढोरं पितील. किती ब्रास, किती खोल, काठ उताराचे ठेवणार का, हे ग्रामसभेत आधी लिहून घ्या. जेसीबी आल्यावर नाही.