बोलावणं नेमकं कुणाला?

जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला की पसंतीक्रम भरायच्या सुमारास आयआयट्या 'ओपन हाऊस' भरवतात. पास झालेली पोरं येतात, आईबाप येतात, सीनियरना प्रश्न विचारतात. अमेरिकेत एमआयटीचा 'कॅम्पस प्रिव्ह्यू वीकेंड' असतो, तोही प्रवेश मिळालेल्यांसाठीच.

कल्पना मला आवडते. चार वर्षं कुठे काढायची ते बघून ठरवावं, नुसत्या कट-ऑफवरून कशाला? पण पहिल्या शंभरातल्या पोराला पवई कुठे आहे हे सांगावं लागत नाही हो! त्याचा प्रश्न मुंबई की मद्रास, एवढाच.

आमच्या आटगावहून कसारा लोकल पकडायची, ठाण्याला बदलायची, कांजूरमार्गला उतरून रिक्षा. आलं गेट. संस्था १९५८ सालची आहे. (तानसाचं पाणी तर १८९२ पासून आमच्या तालुक्यातून मुंबईला जातंय. असो.)

माझं म्हणणं, बारावीनंतर बोलावून फार उशीर होतो. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतली आठवी-नववीची पोरं बोलवा, मार्क न विचारता. एक रात्र हॉस्टेलवर झोपू दे, मेसमध्ये जेवू दे, "दादा, फी किती रे?" असं बिनधास्त विचारू दे. एससी-एसटी विद्यार्थ्यांना आयआयटीत ट्यूशन फी २०१६ पासून पूर्ण माफ आहे, हे त्यांना तिथल्याच एखाद्या आदिवासी पोराने सांगितलं तर पटेल. माहितीपत्रकातून नाही पटत.

टेकफेस्ट सगळ्यांना खुला असतो म्हणाल, पण त्या गर्दीत रोबो दिसतो, माणसं भेटत नाहीत.

आणि खर्च? शहापूर डेपोतून एक लाल डबा भाड्याने घेतला तर चाळीस पोरं आरामात मावतात.