आधी अळीव पेरा

मृगाच्या तोंडावर रोपांची विक्री वाढते आणि आषाढ सरता सरता तक्रारी यायला लागतात, हे आपल्या धंद्यात नवीन नाही. यंदा हुबळीच्या देशपांडे नगरातून, सवाई गंधर्व सभागृहाच्या आसपासच्या गल्ल्यांतून ज्या तक्रारी आल्या, त्या मात्र विलक्षण सारख्या होत्या. मिरची, टोमॅटो, घेवडा यांची रोपं दुकानातून आणलेल्या ‘रेडी मिक्स’मध्ये लावली. आठवडाभर बरी दिसली. मग पानांच्या कडा करपल्या, शेंडा थांबला, रोपांनी मान टाकली. त्याच ट्रेमधली रोपं ज्यांनी आवारातल्या काळ्या मातीत लावली, त्यांची तगली. आणि रोपवाटिकेतून उत्तर काय? “पाणी जास्त झालं असेल, काकू.”

हे उत्तर आता बंद करायला हवं. अशा वेळी दोष बहुधा पोत्यात असतो, आणि ते पोतं आपणच विकलेलं असतं.

असं एखादं रोप हलक्या हाताने उपटून बघा. ट्रेमधून काढताना मुळांभोवती जो निमुळता गड्डा होता, तो लावला तसाच बाहेर येतो. मुळं त्याच्या बाहेर पडलेलीच नसतात. जी एखाद-दुसरी पडली, तिचं टोक पांढरं असण्याऐवजी तपकिरी आणि आखडलेलं. पाण्याने गेलेलं रोप असं दिसत नाही. त्याची मुळं सडतात, साल चिमटीत निघून येते, वास येतो. इथे मुळं सडलेली नाहीत. ती पुढे जायला तयार नाहीत.

याचं आपल्या भागातलं पहिलं कारण क्षार. बेळगाव, बागलकोट, कोल्हापूर, सांगली हा साखर कारखान्यांचा पट्टा. तिथला प्रेसमड स्वस्त आणि मुबलक, म्हणून पोत्यातल्या अनेक खतांचा पाया तोच. प्रेसमड वाईट नाही. पण जिथे तो आसवनीच्या स्पेंटवॉशवर कुजवलेला असतो, तिथे पोटॅश, क्लोराइड आणि इतर क्षार भरपूर उतरतात. त्यात न धुतलेल्या कोकोपीटची भर. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम मुळातच असतं. बाजारात ‘लो ईसी’ आणि ‘हाय ईसी’, म्हणजे कमी आणि जास्त क्षारांचे, असे दोन्ही माल मिळतात आणि भावाकडे बघून कुठला उचलला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. वरून पाणी. नळाला मलप्रभेचं गोडं पाणी येतं, पण ते नसेल त्या दिवशी गच्चीवर बोअरचं जड पाणीच चढतं.

शेतकरी हेच खत एकरी ५ टन टाकतो आणि त्याला काही होत नाही, असं विक्रेता सांगतो. खरं आहे. एक एकर जमिनीचा वरचा अर्धा फूट थर सुमारे ९०० टनांचा असतो. त्यात ५ टन म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. कुंडीत आपण निम्मं खत घालायला सांगतो. शेतापेक्षा शंभरपट मात्रा, आणि तीही दोन पानांच्या रोपाला! धन्याच्या ताटातलं जेवण तान्ह्या पोराला भरवण्यातलाच हा प्रकार.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खत नियंत्रण आदेश १९८५ च्या परिशिष्ट ४ मध्ये शहरी कंपोस्टसाठी विद्युतवाहकतेची, म्हणजे क्षारांच्या मापाची (ईसी), कमाल मर्यादा ४ डेसिसायमन प्रति मीटर आहे. ती मोजतात एक भाग खत आणि पाच भाग पाणी असं पातळ करून. कुंडीत मुळाला भिडणारं पाणी त्याहून कितीतरी दाट असतं. उलट घेवड्याची सहनशक्ती मातीच्या संपृक्त अर्कात १ च्या पुढे संपते, कांद्याची १.२ ला, मिरचीची १.५ ला, टोमॅटोची २.५ ला. हे आकडे मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली मांडले, आणि तेसुद्धा मोठ्या पिकाचे. म्हणजे पोतं कायद्यात चोख बसेल आणि घेवडा तरीही मरेल. शिवाय त्या परिशिष्टात ‘पॉटिंग मिक्स’ असा प्रकारच नाही. पोत्यावर कन्नडमध्ये ‘एरेहुळू गोब्बर’ किंवा मराठीत गांडूळखत छापलं तर निदान काही निकष लागू होतात. ‘मिक्स’ म्हटलं की सगळं मोकळं.

दुसरं कारण कच्चेपणा. पोतं फोडल्यावर हात घातला आणि आत ऊब लागली, नाकाला अमोनिया झोंबला, तर ते खत अजून शिजतंय. त्यातले जिवाणू मुळांच्या वाट्याचा प्राणवायू घेतात आणि कर्ब जास्त असेल तर नत्रही ओढून घेतात. म्हणून रोप खताच्या ढिगात उभं राहून उपाशी पिवळं पडतं. कंपोस्टला किती वेळ लागतो हे आपल्याकडे केव्हाच ठरून गेलं आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसवलेली पद्धत १९३१ साली पुस्तकरूपाने आली. तिला ठरावीक दिवसांनी पलटण्या देत तीन महिने लागतात. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेप टाकी ९० ते १२० दिवस घेते. आजच्या पोत्यावर पॅकिंगची तारीख असते, ढीग कधी लावला याची नसते. मागणी जूनमध्ये येते आणि ढीग मेपर्यंत ओलाच असतो. मग पुढे काय होत असेल, ते सांगायला नको.

शहरी कचऱ्याच्या खताबद्दल थोडक्यात. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने २९ शहरांतलं कंपोस्ट तपासलं होतं. जिथे कचरा घरातच वेगळा होतो तिथलं खत सरस निघालं, मिश्र कचऱ्याच्या खतात जड धातू जास्त. २०१६ साली केंद्राने शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं, तेव्हा भर खपावर होता. भाजीच्या कुंडीत हे खत घालायचं तर ते कुठल्या कचऱ्याचं, हे विचारल्याशिवाय घालू नये.

आणि खतात उतरलेलं तणनाशक. २००८ साली ब्रिटनमध्ये अमिनोपायरॅलिड फवारलेलं गवत जनावरांनी खाल्लं, ते शेणखतातून परसबागांत आलं आणि टोमॅटो-घेवड्याची पानं नेच्यासारखी वळली. त्या औषधाची विक्री तिथे काही काळ थांबवावी लागली. पानांच्या कडा न करपता नवी पानं वाटीसारखी आत वळत असतील, तर क्षारांचा विचार सोडून इकडे बघा.

आता उपाय, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. १९८१ साली इटलीत झुकोनी आणि सहकाऱ्यांनी कंपोस्ट पिकलं की नाही हे ठरवण्यासाठी जे बी निवडलं, ते आपलं अळीव. बाळंतिणीच्या लाडवातलं. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून गाळा. एका बशीत टिपकागदावर ते पाणी, दुसऱ्या बशीत साधं स्वच्छ पाणी. दोन्हींत मोजून सारखेच दाणे पसरा. ओले झाले की चिकटतात, म्हणून कोरडेच टाका. झाकून ठेवा. दोन दिवसांनी किती उगवले ते मोजा आणि मुळांची लांबी पट्टीने मोजा. उगवलेले दाणे आणि मुळांची सरासरी लांबी यांचा गुणाकार साध्या पाण्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आला तर त्या पोत्यात रोप लावायचं नाही.

अळीव मोहरीच्या कुळातलं असल्याने क्लोपायरॅलिडसारख्या तणनाशकांना फारशी दाद देत नाही. त्यासाठी घेवड्याचे चार दाणे वेगळ्या कुंडीत लावून दोन-तीन आठवडे पाहावे लागतात. क्षारांसाठी टीडीएस पेन पुरतो, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात असतो तो. एकास पाच पातळ केलेल्या पाण्यात तो ५०० च्या पुढे गेला, तर ते मिश्रण ट्रेमध्ये घालू नये, हा आमचा सल्ला.

कच्चं निघालेलं पोतं फेकायची गरज नाही. सावलीत पसरा, ओलसर ठेवा, अधूनमधून पलटा, महिनाभराने परत अळीव घाला. पण खारं पोतं कितीही दिवस ठेवलं तरी खारंच राहतं. ते भरपूर पाण्याने धुवून निथळावं लागतं, नाहीतर मोठ्या झाडांच्या आळ्यात थोडं थोडं टाकून संपवावं लागतं. हा फरक न कळल्यामुळे महिनाभर वाट पाहून पुन्हा तीच रोपं मारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आणि धुवून, पिकवूनसुद्धा रोपाच्या कुंडीत खत पाव हिश्श्याच्या वर नको. बाकी माती आणि धुतलेलं कोकोपीट.

यात दोन दिवस आणि मूठभर अळीव जातं. धारवाडच्या कृषी विद्यापीठात माती तपासायला आपण जातोच, जाताना खताचा एक नमुनाही न्यावा. पुरवठादाराला पुढच्या खेपेला विचारा की ढीग कधी लावला आणि त्यात काय घातलं. उत्तर देत नसेल तर माल घेऊ नका. दोन सीझन असं झालं की पोत्यावर ती तारीख छापून यायला लागेल.

वाचकांना एक विनंती. या महिन्यात दुकानात असलेल्या प्रत्येक खेपेतल्या एका पोत्यावर अळिवाची परीक्षा करा आणि खताचा प्रकार, पॅकिंगची तारीख, पेनचा आकडा आणि उगवलेल्या दाण्यांची संख्या आम्हाला लिहून कळवा. कंपनीचं नाव छापणार नाही, आकडे सगळे छापू.