ऑपरेटरचा निष्काळजीपणा

सरकारी यंत्र बंद पडले की कारण शोधायला आपल्याकडे मेकॅनिक लागत नाही. कारण आधीच ठरलेले असते: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. जेसीबी असो, कचऱ्याचा कॉम्पॅक्टर असो, नाहीतर गटारे साफ करणारी जेटिंगची गाडी असो, पुरवठादाराच्या पत्रात हे शब्द येतात आणि पालिकेच्या टिपणीत जसेच्या तसे उतरतात. रोजंदारीवरच्या माणसावर ठपका ठेवला की कोणालाच खिशात हात घालावा लागत नाही. अशी पत्रे आवक-जावकला चढवण्यात माझी बरीच नोकरी गेली. या दोन शब्दांची मला आता चीड येते.

हमीची मुदत यंत्राच्या कामात संपत नाही, ती फायलीत संपते. अनुदान मार्चअखेर खर्ची पडले पाहिजे म्हणून यंत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊन पोचते. चलनावर सही होते आणि हमीची मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते. मग वाहतूक खात्यातली नोंदणी, विमा, ऑपरेटर नेमायला मंजुरी, आणि या सगळ्यांहून अवघड गोष्ट म्हणजे उद्घाटनासाठी आमदारांची तारीख. तोवर यंत्र आवारात उभे. शेड नसली तर आपला पाऊस अंगावर घेत उभे. वायरींच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, उभ्या उभ्या बॅटरी उतरते. झेंडूचा हार घालून नारळ फोडतात तेव्हा हमीचे किती महिने उरले हे विचारणारा तिथे कोणी नसतो. पेढे मात्र सगळ्यांना पुरतात.

जेटिंगच्या गाडीची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. ती एका घरची नसतेच. चासी एका कंपनीची, तिच्यावर टाकी आणि हायड्रॉलिक बसवणारा दुसरा, उच्च दाबाचा पंप तिसऱ्याचा. आमच्या तालुक्यातल्या एका पालिकेची अशी गाडी ऐन मे महिन्यात, पावसाआधीच्या गटारसफाईत बंद पडली. पंप दाबच धरेना. चासीवाल्याने कळवले, इंजिन उत्तम आहे, आमचा संबंध नाही. टाकी बसवणाऱ्याने पंपवाल्याकडे बोट दाखवले. पंपवाल्याचा माणूस गोव्याबाहेरून यायला तीन आठवडे लागले. त्याने पंप उघडला, सील झिजलेली दाखवली, पाणी गढूळ वापरले आणि फिल्टर साफ केला नाही असे लिहिले आणि दुपारच्या गाडीने निघून गेला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. असल्या पंपाला गाळलेले, स्वच्छ पाणी लागते. गाळ गेला किंवा पंप कोरडा फिरला की सील जातेच. पण हे ऑपरेटरला सांगायचे कोणी? पुरवठ्याच्या आदेशात प्रशिक्षणाचे कलम होते. ते पुरे झाल्याचा कागदही होता. प्रशिक्षण दिले उद्घाटनाच्या दिवशी, अर्धा तास, आवारात हजर असलेल्या कोणाला तरी. हा ऑपरेटर कामावर आला त्यानंतर दोन महिन्यांनी. खुलासा मागणारे पत्र त्याच्या हातात दिले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "भाई, म्हाका कोणें शिकयल्लें, तें तुमीच सांगात." फायलीत त्याला उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यापासून त्याला कामावर घेतले नाही. पंप दुसऱ्या निधीतून दुरुस्त झाला.

कायदा पालिकेच्या बाजूने अजिबात नाही असे कोणी समजू नये. १९३० चा माल विक्री कायदा आपल्याही राज्यात लागू आहे. त्याचे कलम ४१ माल तपासून घ्यायची वाजवी संधी खरेदीदाराला देते. कलम ५९ प्रमाणे हमी मोडली तर किंमत कमी करून मागता येते, नुकसानभरपाईचा दावाही लावता येतो. पण कलम ४२ सांगते की वाजवी मुदतीत नाकारल्याचे न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारलाच असे धरले जाते. झाकलेले यंत्र उद्घाटनाची वाट पाहत ठेवणारे आपण, आपण काय तपासणार? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम १७१ आहे: पुरवठादाराची अनामत, हमीसकट साऱ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस वैध राहिली पाहिजे. वर सांगितलेल्या गाडीची अनामत पुरवठादाराच्या एका विनंतीपत्रावर आधीच परत गेली होती. त्यावर कोणाचा निष्काळजीपणा नोंदवला गेला? कोणाचाच नाही.

पालिकांचे हात स्वच्छ आहेत असेही नाही. रविवारी पालिकेचा जेसीबी कोणाच्या तरी खासगी प्लॉटवर माती सपाट करताना दिसतो आणि लॉगबुकात तो दिवस कोरा असतो. हल्लीच्या अनेक यंत्रांत इंजिनाचे तास आणि ठिकाण कंपनीला परस्पर कळवणारी सोय असते. म्हणजे आपले यंत्र रविवारी कुठे होते हे कंपनीला ठाऊक, पालिकेला मात्र अधिकृतपणे ठाऊक नाही. ठरल्या तासांची सर्विस चुकवायची, बाजारातला स्वस्त फिल्टर घालायचा आणि मग हमी मागायला जायचे, तर कंपनी हसणारच. पण तो जेसीबी रविवारी तिथे पाठवा असे ऑपरेटरला फोनवर सांगणारा माणूस कुठल्याच खुलाशात येत नाही.

यंत्र बंद असताना गटार थांबत नाही. ते तुंबते आणि कोणालातरी आत उतरवायचा मोह होतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला मलवाहिनीत किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला मनाई केली आहे, आणि ही मनाई स्थानिक संस्थांनाही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. सील बदलायला त्या मानाने काय लागते? तरी सीलच्या खर्चाला मंजुरी घ्यायला चार सह्या लागतात आणि कंत्राटदाराच्या माणसाला खाली उतर म्हणायला एकही नाही.

हमी यंत्र प्रत्यक्ष कामाला लागल्याच्या दिवसापासून मोजा. चासी, टाकी, पंप, सगळ्यांसाठी उत्तर देणारा एकच पुरवठादार करारात ठेवा. प्रशिक्षणाच्या कागदावर जो यंत्र चालवणार त्याचीच सही घ्या. एवढे लिहायला दीड पान लागत नाही. येत्या मार्चसाठी त्याच पालिकेचा नव्या गाडीचा प्रस्ताव आला आहे. मसुद्यात हमी पुन्हा चलनाच्या तारखेपासूनच आहे. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून फाईल वर पाठवली आहे.