जर्सीआधी हिमोग्लोबिन

व्हॉलीबॉलच्या मैदानावर सहा खेळाडू आणि बाहेर राखीव सहा, असा बारा मुलींचा महाविद्यालयीन संघ डोळ्यांसमोर आणावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ही सरासरी संघाला लावली, तर बारांपैकी सहा-सात मुलींचे रक्त कमी. म्हणजे मैदानात उतरणारा अख्खा संघच!

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत खेड्यावरून येणारी खेळाडू नुसत्या चहावर पहिली एसटी गाठते. दिवसभर तास, मग सराव, आणि भाकरी हाती पडते ती रात्री. २.२४ मीटर उंचीच्या जाळीवर पुन्हा पुन्हा झेप घ्यायची तर स्नायूंना प्राणवायू लागतो. तो पोहोचवणारे हिमोग्लोबिन लोहाशिवाय तयार होत नाही. लोह घटले की दम लागतो, पुस्तकातही लक्ष लागत नाही. मग घरचे म्हणतात, 'खेळामुळे अभ्यास बुडाला.' खरे कारण ताटात असू शकते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे २१३० किलोकॅलरी आणि २९ मिलिग्रॅम लोह हवे. खेळाडूची ऊर्जेची गरज त्याहून अधिक. जळगावची केळी झटपट ऊर्जा देतात, पण लोह फारसे देत नाहीत. त्यासाठी बाजरीची भाकरी, हरभरे, पालेभाजी आणि सोबत लिंबू हवे. जेवणाला लागून चहा नको. खाणे कमी आणि सराव जास्त झाला की पाळी अनियमित होते, थांबतेही. हे तंदुरुस्तीचे लक्षण नव्हे. पुढे हाडे कमकुवत होण्याचा तो इशारा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच या ऊर्जातुटीकडे लक्ष वेधले आहे. पण हे पुरुष प्रशिक्षकाला सांगायचे कसे, या संकोचात मुलगी गप्प राहते.

शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देण्याची सरकारी योजना आहे. बारावी संपली की तो धागा तुटतो. महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी क्रीडाशुल्क घेतात, ते मुलीही भरतात. त्यातून मुलींच्या संघावर किती खर्च झाला, हे सूचनाफलकावर लागायला काय हरकत आहे? त्या खर्चात जर्सी आणि चषकाआधी तीन गोष्टी याव्यात : हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर रक्ततपासणी, सरावानंतर मूठभर शेंगदाणे, फुटाणे व गूळ, आणि संघासोबत एक शिक्षिका. ज्यांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी आहे, त्यांना संघातून काढू नये. डॉक्टरांकडे पाठवून उपचार करावेत, तोवर सराव हलका ठेवावा.

आणखी एक. सामन्याच्या दिवसाची हजेरी आणि बुडालेली अंतर्गत परीक्षा पुन्हा देण्याची संधी मुलीला प्राध्यापकांच्या दारोदार मागावी लागू नये. तिची निवड झाली त्याच दिवशी तसे पत्र प्राचार्यांनी विभागाला द्यावे.